सायरन: वाजतो की गाते?

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, पुण्यातही झाली, आणि तेव्हापासून सायरनबद्दल जी पत्रं यायला लागली ती थांबेचनात. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. वजन कमी करण्याबद्दल आणि गच्चीतल्या टोमॅटोबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न (अकरावीतला विद्यार्थी, कोथरूड): आमच्या इंग्लिशच्या मॅडम म्हणाल्या की सायरन म्हणजे समुद्रात गाणाऱ्या बायका, त्यांच्या गाण्याने खलाशी वेडे व्हायचे. मी विचारलं, मग अँब्युलन्सवर जो बोंबलतो तो काय? सगळा वर्ग हसला आणि मॅडम पुढच्या धड्यावर गेल्या. दोन्हीचा संबंध आहे की नाही?

आहे, आणि हसणाऱ्यांना सांग की प्रश्न एकदम करेक्ट होता. पण संबंध समजायला आधी बायकांची गोष्ट नीट घ्यावी लागेल, कारण ती आपल्याकडे फार अर्धवट सांगतात.

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ओडिसी या महाकाव्यामध्ये, बाराव्या सर्गात, नायक ओडिसियस ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालाय आणि सर्सी नावाची चेटकीण त्याला आधीच सांगून ठेवते की वाटेत सायरन्सचं बेट लागेल, त्या हिरवळीवर बसलेल्या असतात आणि आजूबाजूला सडलेल्या माणसांच्या हाडांचा ढीग असतो, त्यामुळे बरोबरच्या लोकांच्या कानात मेण घाल, आणि तुला स्वतःला ऐकायचंच असेल तर डोलकाठीला बांधून घे. हा पठ्ठ्या बरोबर तेच करतो. मेणाची मोठी ढेप तलवारीने कापतो, हातांनी मळत बसतो, वर ऊन असतं म्हणून मेण मऊ होतं, मग एकेकाच्या कानात भरतो. बेट जवळ आल्यावर वारा पडतो, समुद्र एकदम गुळगुळीत, मंडळी वल्ही मारतायत, आणि गाणं सुरू होतं. हा भुवया उडवून खुणा करतोय की सोडा मला, आणि दोघं उठतात आणि दोर अजून करकचून आवळतात.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे होमर त्या दिसतात कशा हे सांगतच नाही. एक ओळसुद्धा नाही. सुंदर बिंदर सगळं नंतरच्या लोकांनी घातलेलं. फक्त त्या दोनच होत्या एवढं कळतं, तेही व्याकरणातून, कारण संस्कृतसारखंच जुन्या ग्रीकमध्येही द्विवचन होतं आणि होमरने त्यांच्यासाठी दोन ठिकाणी द्विवचन वापरलंय. (आठवीत रामः-रामौ-रामाः पाठ करताना हे कामाला येईल असं वाटलं नव्हतं ना?) दुसरी म्हणजे त्या गातात काय. प्रेमगीत नाही. त्या म्हणतात, ये ओडिसियस, ट्रॉयला ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी काय काय सोसलं ते सगळं आम्हाला माहितीये, या पृथ्वीवर जे जे घडतं ते सगळं माहितीये, आमच्याकडे जो थांबतो तो जास्त शहाणा होऊन जातो. म्हणजे आमिष आवाजाचं कमी आणि माहितीचं जास्त. सिसेरो नावाचा रोमन वक्ता होता, त्यानेही इसवी सनापूर्वी 45 च्या सुमाराला हेच लिहून ठेवलंय की नुसत्या गोड गळ्यासाठी ओडिसियससारखा माणूस अडकेल हे पटत नाही, होमरला ज्ञानाची हावच दाखवायची होती. मला सिसेरोचं पटतं. रात्री एक वाजता मोबाईलवर कुठल्यातरी जुन्या खुनाच्या केसची सगळी माहिती वाचत बसलेल्या कुणालाही पटेल.

आता अँब्युलन्स. 1819 मध्ये शार्ल कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसाने एक यंत्र केलं, भोकं पाडलेल्या तबकडीतून हवा सोडायची आणि सूर काढायचा. हे यंत्र पाण्याखाली बुडवलं, हवेच्या जागी पाणी सोडलं तरी सूर काढायचं. पाण्यात गाते म्हणून त्याने नाव दिलं सायरन. बस, एवढंच. तू आता शोधायला गेलास की "सायरन्स खलाशांसाठी धोका होत्या, म्हणून धोक्याच्या इशाऱ्याला सायरन म्हणतात" असं जिथे तिथे सापडेल, ऐकायला छान वाटतं पण उलटं आहे. यंत्राला नाव मिळालं तेव्हा ते प्रयोगशाळेतलं टेबलावरचं खेळणं होतं, कुणाला इशारा बिशारा देत नव्हतं. इशाऱ्याचं काम त्याला पुढे चाळीसएक वर्षांनी लागलं. तेव्हा आधी गाणं, मग नोकरी.

प्रश्न (सहकारनगरमधल्या एक वाचक): माझी मुलगी म्हणते सायरन म्हणजे मत्स्यकन्या, स्टारबक्सच्या कपावर आहे ती. मी कुठेतरी वाचलं होतं की त्यांना पंख असतात. घरात दोन दिवस वाद चाललाय. कोण बरोबर?

तुम्ही आधी बरोबर होतात, मुलगी नंतर बरोबर झाली. मधे हजारभर वर्षं गेली.

ग्रीक कलेत सायरन म्हणजे पक्ष्याचं शरीर आणि बाईचं डोकं. एकदम जुन्या भांड्यांवर तर दाढीवाले पुरुष सायरनसुद्धा आहेत! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक प्रसिद्ध रांजण आहे, इसवी सनापूर्वी 480-470 च्या सुमाराचा, इटलीत व्हल्ची गावात सापडलेला, त्याला सायरन व्हाजच म्हणतात. त्यावर ओडिसियस डोलकाठीला बांधलेला, मान वर करून ऐकतोय, खाली वल्हेकरी, जहाजाच्या पुढच्या टोकाला डोळा रंगवलेला, दोन कड्यांवर दोन पक्षी-बाया, आणि तिसरी डोळे मिटून डोकं खाली करून सरळ समुद्रात कोसळतेय. कारण पुढच्या कथांमध्ये असं आलं की एखादा जरी त्यांचं गाणं ऐकून सुटला तर त्यांनी मरायचं. ओडिसियस सुटला. म्हणजे ज्या चित्रात तो जिंकतोय त्यातच त्या मरतायत, आणि चित्रकाराने तेच दाखवलंय. होमरच्या दोन सायरन इथे तीन झाल्यात तेही बघा, कथेला पाय फुटतात ते असे.

पंख कसे आले याचं कारण ओव्हिड नावाचा रोमन कवी देतो. या मुली प्रोसर्पिनाच्या मैत्रिणी, तिला पाताळाच्या राजाने पळवून नेलं, या जमिनीवर शोधून दमल्या आणि समुद्रावरही शोधता यावं म्हणून पंख मागितले. आणि मग त्यांनी कला-विद्यांच्या देवतांशी, म्यूझेसशी, गाण्याची मॅच लावली आणि हरल्या, म्यूझेसनी त्यांची पिसं उपटून स्वतःचे मुकुट केले अशीही एक गोष्ट आहे. इतकं सगळं होऊनही ग्रीक लोक थडग्यांवर सायरनचे पुतळे बसवायचे, शोकगीत गाणाऱ्या म्हणून, अथेन्सच्या म्युझियममध्ये आजही आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने तर त्यांना थेट आकाशात नेलं, ग्रहताऱ्यांची आठ वर्तुळं आणि प्रत्येकावर एकेक सायरन एकेकच सूर लावून उभी, असं त्याने लिहिलंय. एवढ्या वेगवेगळ्या नोकऱ्या दुसऱ्या कुठल्या राक्षसिणीला मिळाल्या असतील असं वाटत नाही.

मासा नंतर आला. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिबर मॉन्स्ट्रोरम नावाचं एक लॅटिन पुस्तक लिहिलं गेलं, विचित्र प्राण्यांची जंत्रीच, त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलंय की सायरन बेंबीपर्यंत मुलगी आणि खाली खवल्यांची शेपटी. त्यानंतर कितीतरी शतकं युरोपात दोन्ही रूपं शेजारी शेजारी चालू राहिली, काही चित्रात तर एकाच बाईला पंखही आणि शेपटीही, म्हणजे चित्रकाराने रिस्कच घेतली नाही. शेवटी शेपटी जिंकली. आज फ्रेंचमध्ये सिरेन, इटालियन-स्पॅनिशमध्ये सिरेना म्हणजे साधी सरळ मत्स्यकन्याच, आणि भोंग्यालाही तोच शब्द. इंग्रजीत मात्र मत्स्यकन्येला वेगळा शब्द होता, मर्मेड, त्यामुळे तिथे सायरन हा शब्द मोकळा राहिला आणि पुरुषांना नादी लावणाऱ्या बाईला चिकटला. इंग्रजी पेपरवाले जुन्या नट्यांना स्क्रीन सायरन म्हणतात ते यातूनच.

कपावरची दोन शेपट्यांची बाई 1971 पासून आहे, सिएटलमध्ये ते दुकान सुरू झालं तेव्हापासून, आणि कंपनी स्वतःच तिला सायरन म्हणते. तेव्हा मुलीला एक कॉफी पाजा आणि विषय मिटवा.

प्रश्न (तेच घर, बहुतेक आजोबा): आपल्याकडे असं काही आहे का?

दोन गोष्टी आहेत, पण दोन्ही अर्ध्या अर्ध्या जुळतात.

पाण्याशी ओढणाऱ्या म्हणाल तर साती आसरा. पुण्याच्या आसपास कुठल्याही जुन्या गावात जा, विहिरीच्या काठावर किंवा नदीच्या डोहापाशी सात दगड मांडलेले दिसतील, हळदीकुंकू वाहिलेलं, कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवलेल्या. आसरा म्हणजे अप्सराच, शब्द झिजून झालाय. भर दुपारी डोहावर जाऊ नको, आसरा धरतील, असं गावाकडच्या आज्या अजून सांगतात. पण आसरा गात नाहीत, आणि त्यांचं करायचं म्हणजे ओटी भरायची, कानात मेण घालायचं नाही.

आणि दिसायला जुळणारे म्हणाल तर किन्नर. वर माणूस, खाली पक्षी, हातात वाद्य. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र सगळे बघतात, त्याच्या भोवती वर डोंगरात नीट पाहिलं तर असे किन्नर आहेत. सायरनच्या शेजारी उभे केले तर भावंडं वाटतील. स्वभाव मात्र एकदम उलटा, किन्नर म्हणजे एकमेकांवाचून न राहणारी प्रेमळ जोडपी, कुणाचं जहाज बुडवायच्या भानगडीत नाहीत.

प्रश्न (औंध): आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की सायरन हा शब्द संस्कृत स्वैरिणी वरून आला. खरं आहे का? फॉरवर्ड करू का?

नका करू.

स्वैरिणी आणि सायरन हे जुळल्यासारखं वाटतं ते फक्त आजच्या इंग्रजी उच्चारामुळे. मूळ ग्रीक उच्चार सेइरेनच्या जवळचा, लॅटिनमध्ये सीरेन, "साय" हे इंग्रजांनी फार उशिरा केलं. आणि दुसरं म्हणजे संस्कृतमधल्या शब्दाच्या सुरुवातीला स्व असेल तर त्याच्या ग्रीक भावंडात तो स टिकत नाही, त्याचा ह होतो किंवा गळूनच जातो. संस्कृत स्वादु, ग्रीक हेदूस, अर्थ तोच, गोड. त्यामुळे स्वैरिणीची ग्रीक बहीण असती तर ती स ने सुरूच झाली नसती.

ग्रीकमध्ये सेइरा म्हणजे दोर. त्यावरून सायरन म्हणजे बांधून टाकणारी, फास टाकणारी, असं बऱ्याच कोशांत दिलेलं असतं. काही अभ्यासकांना ते मान्य नाही, त्यांचं म्हणणं शब्द ग्रीकांच्याही आधीच्या तिथल्या कुठल्यातरी भाषेतून आलेला असणार. दोर वालं खरं असेल तर मजा अशी की बांधणाऱ्या बायांपासून वाचायला ओडिसियसने स्वतःला दोरानेच बांधून घेतलं. पण मजा येते म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, हे ग्रुपवर टाका हवं तर.

प्रश्न (निवृत्त फोरमन, खडकी): उभं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. आमचा जुना भोंगा वाफेचा होता, एकच जाड आवाज. नंतर मोटरचा आला तो खालून वर चढत जायचा आणि बंद केला की रडत रडत खाली यायचा. दोघांनाही लोक सायरनच म्हणत. फरक काय हो?

काका, या पत्रासाठी थँक्यू. असा प्रश्न कानाने काम केलेला माणूसच विचारू शकतो.

तुमचा जुना भोंगा सायरन नव्हताच, ती शिट्टी होती. वाफेचा झोत एका धारदार कडेवर आपटतो आणि वरच्या पोकळीतली हवा थरथरते, बासरीचंच तत्त्व. पोकळी केवढी त्यावर सूर ठरतो, पोकळी काही लहानमोठी होत नाही, म्हणून सूर हलत नाही. गिरणगावातल्या भोंग्यांची एवढी वर्णनं वाचतो आपण, तिथल्या माणसांना आपल्या गिरणीचा भोंगा कुठला हे झोपेतही कळायचं ते म्हणूनच, प्रत्येकाची पट्टी ठरलेली.

मोटरवाला खरा सायरन. त्यात पोकळी बिकळी काही गात नाही, हवा कापली जाते. आत खाचा किंवा भोकं असलेलं एक चाक फिरतं, बाहेर तशीच भोकं असलेलं स्थिर कवच. भोक भोकासमोर आलं की हवा फस्सकन बाहेर, सरकलं की बंद, परत उघड, परत बंद. सेकंदाला अशी पुरेशी वेळा उघडझाप झाली की कानाला फस्स फस्स ऐकू येत नाही, सलग सूर ऐकू येतो. स्कॉटलंडच्या जॉन रॉबिसन यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी नळीत तोटी फिरवून हे आधी करून बघितलं होतं, मग वर सांगितलेल्या कान्यार द ला तूरने तबकड्या आणल्या. त्याची आयडिया जबरदस्त होती. दोन तबकड्या एकावर एक, भोकं तिरकी पाडलेली, त्यामुळे हवेचा झोतच वरची तबकडी फिरवतो, वेगळं काही लागत नाही. आणि वर फेरे मोजायचं यंत्र जोडलेलं.

ते मोजायचं यंत्र हीच खरी गंमत. तोपर्यंत सूर ऐकता यायचा, जुळवता यायचा, पण सेकंदाला कंपनं किती हा आकडा सरळ मोजून काढणं फार अवघड. आता साधा गुणाकार, भोकं किती गुणिले सेकंदाला फेरे किती. समजा तबकडीला 10 भोकं आहेत आणि ती सेकंदाला 26 वेळा फिरतेय, तर झाली 260 कंपनं, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक, जवळपास. वेग दुप्पट केला की बरोबर तार सप्तकातला सा. आणि एकाच तबकडीवर 8, 10 आणि 12 भोकांची तीन वर्तुळं पाडली तर त्यातून सा, ग आणि प निघतात, आणि तबकडी हळू फिरवा नाहीतर जोरात, पट्टी बदलते पण सा ग प हे सा ग पच राहतात. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने दोन सायरन समोरासमोर बसवून स्वर जुळतात का आणि भांडतात का याचा अख्खा अभ्यास केला. म्हणजे तुमच्या शिफ्टच्या भोंग्याचे पणजोबा संगीताच्या लॅबमधले.

आता तुमचा चढत जाणारा आवाज. मोटर चालू केल्या केल्या फुल स्पीड घेत नाही, चाक जड असतं, वेग हळूहळू वाढतो, आणि वेग म्हणजेच सूर, म्हणून खालच्या सुरापासून वर मींड घेतल्यासारखा चढतो. बंद केलं की चाक आपल्या वजनाने फिरत राहतं आणि वेग उतरेल तसा सूर उतरतो. तुम्ही त्याला रडणं म्हणालात, इंग्रजीतही त्याला तसंच म्हणतात.

नोकरीची गोष्ट राहिली. धुक्यात दीपगृहाचा दिवा दिसत नाही, म्हणून 1860 च्या दशकात अमेरिकेत वाफेवर चालणारे मोठे सायरन किनाऱ्यावर बसवायला लागले. 1873-74 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनी शिट्ट्या, कर्णे, तोफा आणि सायरन असं सगळं एकामागून एक वाजवून समुद्रातून ऐकून बघितलं आणि सायरन सगळ्यात सरस ठरवला. आणि इथे नशिबाचा खेळ बघा, ज्या नावाने खलाशांना खडकावर ओढून मारलं तेच आता ओरडून सांगतंय, इकडे खडक आहे, लांब जा.

प्रश्न (नारायण पेठेतल्या आजी): 71 च्या लढाईत आम्ही काचांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले असत. तेव्हा भोंगा दोन प्रकारचा वाजायचा. परवाच्या ड्रिलला नातवाला सांगायला गेले तर म्हणतो आजी गुगल कर. तुम्हीच सांगा.

आजी, नातवाला हे वाचायला द्या. खालीवर खालीवर असा हेलकावे घेणारा वाजला की धोका, आडोशाला जा. एकाच सुरात सरळ लांब वाजला की धोका टळला, बाहेर या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हेच होतं आणि आपल्या नागरी संरक्षणातही तीच पद्धत चालत आली. कारणही सोपं आहे, सलग आवाजाला कान लगेच सरावतो, हेलकावणाऱ्याला सरावत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर हेलकावाच लागतो.

युद्ध नसतानाही एक सायरन ठरलेला आहे तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. 30 जानेवारी, हुतात्मा दिन. 10 वाजून 59 मिनिटांनी वाजायला लागतो, 11 ला थांबतो, मग दोन मिनिटं उभं राहून मौन, आणि 11 वाजून 2 मिनिटांनी परत एक मिनिट. केंद्र सरकारची तशी दरवर्षी सूचना असते. जिथे भोंगा नाही तिथे नाही वाजत, पण मौन सगळ्यांना आहे.

प्रश्न (वाकड): डुगाँगला सायरन का म्हणतात?

डुगाँग आणि मॅनेटी हे पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी, ते ज्या गणात येतात त्याचं नाव सायरेनिया, 1811 पासून. कारण खलाशांनी यांनाच लांबून बघून मत्स्यकन्या समजलं असं मानतात. कोलंबसच्या रोजनिशीत जानेवारी 1493 मध्ये नोंद आहे की तीन सायरन समुद्रातून वर आलेल्या दिसल्या, पण चित्रात काढतात तेवढ्या काही सुंदर नव्हत्या. नसणारच, त्या बहुतेक मॅनेटी होत्या, आणि मॅनेटी म्हणजे मिशा असलेला ऐटदार ओंडका. जवळचा नातेवाईक म्हणाल तर हत्ती.

आपल्याकडचा डुगाँग, समुद्री गाय, समुद्रगवत खाऊन जगतो. कच्छचं आखात, अंदमान, आणि तामिळनाडूकडचा पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात, एवढ्याच ठिकाणी उरलाय, 2022 मध्ये पाल्कमध्ये त्याच्यासाठी 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलंय. त्याचा एक प्रचंड मोठा चुलतभाऊ होता, स्टेलरची समुद्री गाय. 1741 मध्ये शास्त्रज्ञांना कळला आणि 1768 पर्यंत मारून खाऊन संपलासुद्धा. 27 वर्षांत!

सायरन नावाचा एक सॅलमँडरही आहे अमेरिकेत, ईल माशासारखा लांब, पुढचे दोनच पाय, मागचे नाहीतच. तो गातही नाही आणि कुणाला भुलवतही नाही.

प्रश्न (अँब्युलन्स चालवणारे एक वाचक, हडपसर): चौकात आम्ही सायरनचा आवाज बदलतो, तरी लोक ढिम्म हलत नाहीत, उलट डावी-उजवीकडे बघत बसतात. आवाजातच काही चूक आहे का? आणि जाताना आवाज जाड होतो असं माझा मुलगा म्हणतो, मला गाडीत बसून कधी जाणवलं नाही.

मुलाचा आधी घेतो. तुम्हाला जाणवणारच नाही, कारण तुम्ही आवाजाबरोबरच चाललाय. रस्त्यावर उभ्या माणसाला गाडी जवळ येताना सूर थोडा चढा आणि गेल्यावर थोडा उतरलेला ऐकू येतो. डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये हे मांडलं आणि 1845 मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी रेल्वेच्या डब्यात ट्रम्पेटवाले बसवून, रुळाशेजारी चांगल्या कानाचे वादक उभे करून ते तपासलं. गाडी ताशी 60 ने गेली तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरात रे वरून सा वर उतरल्याइतका फरक पडतो, जरा कमीच. सोलापूर रोडला संध्याकाळी 60 कुठून मिळणार म्हणा.

आता चौक. लांब हेलकाव्याचा आवाज मोकळ्या रस्त्याला आणि तोकडा भराभर वर-खाली होणारा चौकात, ही तुमची पद्धत बरोबरच आहे, बदलला की लोकांचं लक्ष जातं. पण लोक डावी-उजवीकडे बघतात त्यात त्यांची पूर्ण चूक नाही. सुरेल आवाज कुठून येतोय हे ओळखणं माणसाच्या कानाला अवघड जातं, त्यातून दोन्ही बाजूंना इमारती असल्या की आवाज आपटून चारही बाजूंनी येतो, आणि गाडीच्या काचा बंद, आत गाणी चालू. पाण्याच्या धबधब्यासारखा खरखरीत, सगळे सूर एकत्र असलेला आवाज असेल तर दिशा पटकन कळते, म्हणून काही ठिकाणी सायरनमध्ये तसे खरखरीचे तुकडे मिसळून बघितलेत.

2021 मध्ये नितीन गडकरी नाशिकला म्हणाले होते की सायरनच्या जागी कानाला बरा आवाज हवा, आकाशवाणीच्या सकाळच्या धूनसारखा. ती धून वॉल्टर कॉफमन यांची, शिवरंजनीतली, ऐकायला सुंदरच आहे. पण माझं मत विचाराल तर अँब्युलन्सला ती नको. लोक काचा खाली करून ऐकत बसतील, आणि त्या बेटावरचा प्रॉब्लेम नेमका तोच होता.

कायद्याचं सांगायचं तर तुम्हाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, कलम 194-ई. आणि खासगी गाडीला पी-पॉ पी-पॉ करणारा बहुसुरी हॉर्न लावणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 नंबरच्या नियमात बसत नाही, तो अँब्युलन्स, अग्निशमन, पोलीस असल्यांनाच. गाडीवर कुठल्याही पदाची पाटी असो. आणि तुम्हाला वाट मिळाली की जे महाभाग तुमच्या बंपरला चिकटून आपली बाईक काढून घेतात, त्यांच्याबद्दल आमच्याकडे अजून बावीस पत्रं पडून आहेत, त्यातलं एकही छापण्यासारखं नाही.